पत्र्याच्या कडांचे दुमडकाम व सफाई

धातूच्या पत्र्यापासून वस्तू बनविताना त्याची कापीव कड घासून गुळगुळीत करणे, आत किंवा बाहेर वळविणे, स्वतःवरच दुमडणे, तारेभोवती गुंडाळणे अथवा दुसऱ्या पत्र्याच्या कडेत अडकविणे, या क्रियांचा या कामात समावेश होतो. बादली, पत्र्याची पेटी, धान्याची कोठी, पन्हळ, हवानलिका, अन्नाचा डबा, मोटारगाडीचे दार अशा अनेक वस्तूंचा टिकाऊपणा पत्र्याच्या जाडीइतकाच तिच्या कडेवर अवलंबून असतो. कड नीट न बांधलेली वस्तू हाताळणाऱ्याला इजा करते, भार पडताच लचकते आणि बहुधा कडेपासूनच गंजू लागते.

सामान्यपणे सु. ६ मिमी.पेक्षा कमी जाडीच्या सपाट धातूस पत्रा व त्यापेक्षा जाड धातूस पट्ट किंवा प्लेट म्हणतात. नेहमीच्या हातकामात ०.४ ते १.२ मिमी. जाडीचे पत्रे जास्त वापरले जातात. बाजारात ही जाडी गेज क्रमांकाने सांगण्याची पद्धत रूढ आहे. ब्रिटिश प्रमाणित तार गेजानुसार १८ गेजाचा पत्रा सु. १.२२ मिमी., २२ गेजाचा सु. ०.७१ मिमी. व २६ गेजाचा सु. ०.४६ मिमी. जाड असतो. म्हणजे क्रमांक वाढतो तसा पत्रा पातळ होतो. निरनिराळ्या गेज पद्धतींत एकाच क्रमांकाची जाडी वेगवेगळी असल्यामुळे आखणीसाठी जाडी मिलिमीटरमध्ये घेणेच सुरक्षित असते.

कड बांधण्याची आवश्यकता : पत्रा मध्यभागी चारही बाजूंच्या धातूने धरलेला असतो. कडेला मात्र एका बाजूस आधार नसतो, त्यामुळे दाब पडला की सर्वांत आधी कडच लाटेसारखी वाकते. यावर जाड पत्रा वापरणे हा एक उपाय आहे, परंतु त्याने वजन व खर्च दोन्ही वाढतात. कडेचा आकार बदलणे हा दुसरा व अधिक किफायतशीर उपाय होय.

एखाद्या पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या छेदाच्या निरूढी परिबलावर अवलंबून असतो. आयताकार छेदाच्या बाबतीत ही राशी रुंदीच्या सम प्रमाणात व वाकण्याच्या दिशेतील जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. उदा., १ मिमी. जाड व १० मिमी. रुंद पट्टी आडवी ठेवल्यास तिचे निरूढी परिबल सु. ०.८३ मिमी.⁴ असते. तीच पट्टी उभी धरल्यास ते सु. ८३ मिमी.⁴, म्हणजे शंभरपट होते. पत्र्याची कड काटकोनात वळवून उभी केली की तिला ताठरपणा येतो तो यामुळे. कड पूर्ण दुमडून दोन थर केल्यास ते दोन्ही थर एकजीव होऊन वाकले, तर तेवढ्या पट्टीची ताठरता आठपट होते. थर एकमेकांवर मोकळे सरकले, तर ती केवळ दुप्पट राहते. म्हणून दुमड घट्ट व सर्वत्र सारखी बसविण्यास महत्त्व आहे.

कापीव कडेची सफाई : कातरीने किंवा दाबयंत्रावर पत्रा कापला असता त्याची कड एकसारखी नसते. पात्याच्या बाजूस ती किंचित गोलाई घेते, त्याखाली चकचकीत कापलेला पट्टा, त्याखाली तुटलेला खरखरीत पट्टा आणि शेवटी टोकदार कंगोरा असतो. या कंगोऱ्यास कारखान्यात बर म्हणतात. पात्यांची धार गेलेली असल्यास अथवा त्यांतील फट पत्र्याच्या जाडीच्या मानाने फार असल्यास बर मोठी होते. ही फट साधारणपणे जाडीच्या ५ ते १० टक्के ठेवतात.

बर काढण्यासाठी सपाट कानस, एमरी कापड, फिरता घासपट्टा किंवा तारेचा ब्रश वापरतात. लहान भाग मोठ्या संख्येने असल्यास ते अपघर्षक खड्यांबरोबर फिरत्या पिंपात घोळवतात. कड केवळ हाताला लागू नये एवढ्यासाठीच बर काढत नाहीत. ओला रंग पृष्ठताणामुळे टोकदार कडेपासून मागे सरतो व तेथे त्याचा थर सर्वांत पातळ राहतो. परिणामी रंगविलेल्या पोलादी वस्तूवर गंजाची पहिली रेघ कडेवरच उमटते. त्यासाठी जाड पोलादी रचनांत रंगापूर्वी कडांना सु. २ मिमी. त्रिज्येची गोलाई देतात. पातळ पत्र्याला अशी गोलाई देण्यास पुरेशी जाडीच नसते. तेथे कड दुमडून कापलेली बाजू आत लपविणे हाच खरा उपाय ठरतो.

दुमडीचे प्रकार : कड एकदा पूर्ण वळवून पत्र्यावर दाबली की एकेरी दुमड तयार होते. तिच्यासाठी दुमडीच्या रुंदीइतका पत्रा जास्त ठेवावा लागतो. हीच कड आणखी एकदा वळविल्यास दुहेरी दुमड होते व तिला सु. दुप्पट पत्रा लागतो. दुहेरी दुमडीत कापीव कड पूर्णपणे झाकली जाते, त्यामुळे हाताने उचलण्याच्या वस्तूंना ती विशेष उपयुक्त असते. दुमड पूर्ण न दाबता आत थोडी पोकळी ठेवल्यास तिला उघडी दुमड म्हणतात. वळणाच्या ठिकाणी पोकळी ठेवून मोकळे टोक पत्र्याला टेकविल्यास तिचा छेद थेंबासारखा दिसतो. सहज तडे जाणाऱ्या कठीण धातूंसाठी हे दोन्ही प्रकार वापरतात.

बादली, घमेले, नरसाळे यांच्या तोंडाची कड तारेभोवती वळवितात. तारबंद कडेसाठी तारेच्या व्यासाच्या सु. अडीचपट पत्रा जास्त ठेवण्याचा कारागिरांचा संकेत आहे. उदा., ३ मिमी. व्यासाच्या तारेसाठी सु. ७.५ मिमी. पत्रा ठेवतात. प्रथम कड काटकोनाहून थोडी अधिक वळवून तीत तार बसवितात, लाकडी हातोड्याने कड तारेवर आणतात आणि शेवटी खाच असलेल्या हातोड्याने किंवा रुळांच्या यंत्रावर तिचे टोक तारेखाली दाबतात. ०.५ मिमी. जाड व ७.५ मिमी. रुंद सपाट पोलादी पट्टीच्या तुलनेत ३ मिमी. व्यासाच्या एकट्या पोलादी तारेचीच ताठरता सु. ५० पट भरते. सरळ भिंतीच्या नळकांड्यासारख्या वस्तूंत पत्रा गोल करण्यापूर्वी तार बसविता येते. निमुळत्या वस्तूंत मात्र ती आकार दिल्यानंतर बसविणे सोयीचे असते. तार न घालता कड नळीसारखी गोल वळविल्यास तिला पोकळ गोट म्हणता येईल. स्वयंपाकघरातील अनेक पातळ डब्यांची व थाळ्यांची तोंडे अशी असतात.

तांब्यापितळेच्या पारंपरिक भांड्यांतही काठ बाहेर वळविण्याची किंवा ठोकून जाड करण्याची रीत आहे. ठोकीव तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हे हातकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रिकामा चौकोनी तेलाचा डबा कापून त्याची बादली किंवा धान्याचे माप करणारा पत्राकारागीरही प्रथम कापलेली कड आत वळवतो. कडेची धार मारणे आणि तोंड ताठ करणे ही दोन्ही कामे त्या एका वळणाने साधतात.

वाकविण्याची क्रिया व आखणी : पत्रा वाकविला असता वळणाच्या बाहेरचा थर ताणला जातो व आतला दाबला जातो. दोहोंच्या मध्ये लांबी न बदलणारा उदासीन स्तर असतो. वळणाची आतील त्रिज्या पत्र्याच्या जाडीइतकी असल्यास बाहेरील थराची लांबी सु. ३३ टक्क्यांनी वाढते. त्रिज्या जाडीच्या तिप्पट ठेवल्यास ही वाढ सु. १४ टक्केच होते. धातूची ताणले जाण्याची क्षमता यापेक्षा कमी असेल, तर वळणावर तडा जातो. मऊ पोलाद, तांबे व मऊ ॲल्युमिनियम यांना घट्ट दुमड सोसते. उष्णता-संस्कारित कठीण ॲल्युमिनियम मिश्रधातूंना ती सोसत नाही.

लाटलेल्या पत्र्यात लाटण्याच्या दिशेने धातूचे कण व अशुद्धींचे धागे लांबट झालेले असतात. वळणाची रेषा या दिशेला समांतर असल्यास पत्रा त्या धाग्यांच्या बाजूने फाटण्याचा संभव वाढतो. वळण दिशेला काटकोनात घेतल्यास धोका कमी होतो. एकाच तुकड्यावर दोन्ही दिशांना वळणे हवी असल्यास आखणी ४५° तिरकी करतात.

बळ काढून घेतल्यावर पत्रा स्थितिस्थापकतेमुळे काही अंशाने मागे उसळतो. ही उसळी धातूच्या बलाबरोबर वाढते व स्थितिस्थापकता गुणांकाबरोबर कमी होते. ॲल्युमिनियमाचा हा गुणांक पोलादाच्या सु. एकतृतीयांश असल्यामुळे समान बलाच्या पत्र्यांत ॲल्युमिनियमाची उसळी सु. तिप्पट असते. म्हणून काटकोन हवा असल्यास पत्रा काटकोनापेक्षा थोडा जास्त वाकवावा लागतो.

वळणात लागणाऱ्या पत्र्याचा हिशेब आधीच करावा लागतो. १ मिमी. जाड पत्रा आतून १ मिमी. त्रिज्येने काटकोनात वळविला आणि उदासीन स्तर आतील पृष्ठापासून जाडीच्या ०.४ अंतरावर मानला, तर वळणाची लांबी १.५७ × १.४ म्हणजे सु. २.२ मिमी. येते. बाहेरच्या मापांची नुसती बेरीज केल्यास याच वळणापोटी दोन्ही बाजूंचे मिळून ४ मिमी. धरले जातात. त्यामुळे प्रत्येक वळणामागे सु. १.८ मिमी. वजा करावे लागतात. बाहेरून १०० मिमी. रुंद तळ व २० मिमी. उंच दोन भिंती असलेल्या पन्हळीस १४० मिमी. नव्हे, तर सु. १३६.४ मिमी. रुंद पट्टी पुरते. ही वजावट विसरल्यास झाकण सैल बसते आणि सांध्यांची भोके जुळत नाहीत.

कोपऱ्यांवर दोन दुमडी एकमेकींवर चढू नयेत म्हणून वळविण्यापूर्वी तेथे तिरकी खाच कापतात. वळणांचा क्रमही आधी ठरवावा लागतो, कारण चुकीच्या क्रमात आधीची उभी कड यंत्राच्या पात्याला अडते व पुढचे वळण घेता येत नाही. वक्र कडा अधिक अवघड असतात. वर्तुळाकार चकतीची बाहेरील कड उभी करताना तेथील परिघ आखूड व्हावा लागतो व सुरकुत्या पडतात. भोकाची कड बाहेर वळविताना याउलट परिघ वाढतो आणि कड फाटू शकते. म्हणून अशी कड एका दमात न वळविता थोडथोडी, सभोवती फिरत ठोकतात व आवश्यकतेनुसार धातू मधूनमधून तापवून मऊ करतात.

दुमडी सांधे : दोन कडा आकड्यांप्रमाणे एकमेकींत अडकवून दाबल्यास डाखकाम, वितळजोडकाम अथवा रिव्हेट यांवाचून सांधा तयार होतो. उष्णता लागत नसल्यामुळे जस्ताचा किंवा कथिलाचा लेप जळत नाही, हा त्याचा मोठा फायदा होय. साध्या खाचबंद सांध्यात चार थर असतात व त्यासाठी सांध्याच्या रुंदीच्या एकूण तिप्पट पत्रा जास्त लागतो. तो दोन्ही कडांवर निम्मा निम्मा धरतात. शेवटी खाच असलेल्या ठोकणीने सांध्याची एक बाजू खाली दाबतात, त्यामुळे आकडे परत सुटत नाहीत. चौकोनी हवानलिकांच्या कोपऱ्यांवर पिट्सबर्ग सांधा प्रचलित आहे. त्यात एका पत्र्यावर घडी घालून खिसा केलेला असतो, दुसऱ्या पत्र्याची काटकोनी कड त्या खिशात बसवितात आणि खिशाचा बाहेर उरलेला ओठ तिच्यावर ठोकतात. खिसा कारखान्यात रुळांच्या यंत्रावर व शेवटची ठोकणी कामाच्या जागी करता येत असल्याने नलिकेच्या सुट्या बाजूंची वाहतूक सोपी होते.

धातूच्या छपरावर सांध्याला पाणी अडविण्याबरोबरच पत्र्याला हलू द्यावे लागते. जस्ताचा ३ मी. लांब पत्रा तापमान ४०° से.ने वाढल्यास सु. २.६ मिमी. लांबतो. तो खिळ्यांनी पक्का ठोकला, तर उन्हाळ्यात फुगतो व खिळ्यांजवळ फाटतो. म्हणून शेजारशेजारच्या पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींवर दुमडतात आणि सांध्याच्या आत बसविलेल्या छोट्या पट्ट्यांनीच पत्रा खालच्या फळ्यांना धरून ठेवतात. उभा सांधा पाण्याच्या पातळीच्या वर राहतो व पत्र्याला सरकण्यास वाव देतो. पॅरिस शहराच्या जस्ती छपरांवर काम करणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याचा युनेस्कोने २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

अन्नाच्या डब्याचा सांधा : कडेच्या दुमडीवर माणसाचे आरोग्य किती अवलंबून असते, हे डबाबंद अन्नाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पीटर ड्युरँड यांना १८१० मध्ये इंग्लंडमध्ये धातूच्या डब्यासह अन्नरक्षणाचे एकस्व मिळाले. सुरुवातीच्या डब्यांचे सांधे शिसे व कथिल यांच्या डाखाने हाताने बंद करीत, त्यामुळे शिसे अन्नात उतरण्याचा धोका होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी टोपणाचा सांधा केवळ दुमडीने बंद करण्याची पद्धत प्रचारात आली. डब्याच्या उभ्या बाजूचा सांधा मात्र पुढेही अनेक वर्षे डाखानेच बंद करीत. अमेरिकेत अन्नाच्या डब्यांतील शिशाच्या डाखावर १९९५ मध्ये बंदी आली. तोपर्यंत विजेने जोडलेल्या बाजूंचे व बाजूला सांधाच नसलेले डबे उपलब्ध झाले होते.

टोपणाचा दुहेरी सांधा दोन टप्प्यांत होतो. टोपणाच्या वळलेल्या कडेत रबरासारखे लेपद्रव्य असते. पहिला रूळ ही कड डब्याच्या बाहेर वळविलेल्या ओठाखाली अडकवितो व दुसरा रूळ सगळे थर दाबून सपाट करतो. तयार सांध्यात टोपणाचे तीन व डब्याचे दोन असे पाच थर असतात. दोन्ही आकडे एकमेकांवर पुरेसे न चढल्यास बाहेरून सांधा चांगला दिसूनही आतून गळका असू शकतो. निर्जंतुक केलेला डबा थंड होताना आत अंशतः निर्वात निर्माण होतो. त्यामुळे अशा सांध्यातून थंड करण्याचे पाणी व त्याबरोबर सूक्ष्मजंतू आत ओढले जातात. म्हणून कारखान्यात ठराविक वेळाने काही डब्यांचे सांधे कापून आकड्यांची लांबी व त्यांचे परस्परांवरील आच्छादन मोजतात.

मोटारगाडीची दारे : मोटारगाडीच्या दाराचा बाहेरील पत्रा आतील सांगाड्याभोवती दुमडून बसवितात. कड प्रथम काटकोनात उभी करतात, नंतर आणखी सु. ४५° वळवितात आणि शेवटी सपाट दाबतात. एकदम दाबल्यास पत्रा मागेपुढे सरकून दाराचे माप बिघडते. दोन पत्र्यांच्या मध्ये चिकटद्रव्य भरतात. हे काम दाबयंत्रातील साच्यांनी किंवा यंत्रमानवाच्या हातातील रुळाने होते. ॲल्युमिनियमाच्या दारांत तडे टाळण्यासाठी दुमडीची त्रिज्या मोठी ठेवावी लागते, म्हणून तिची कड पोलादी दाराच्या कडेपेक्षा जाड दिसते.

दोष व काळजी : दुमड कापीव कड झाकते, परंतु त्याचबरोबर एक अरुंद फटही निर्माण करते. केशाकर्षणामुळे तीत पाणी शिरते व हवा न लागल्याने ते लवकर सुकत नाही. फटीच्या आत प्राणवायू कमी व बाहेर जास्त असल्यामुळे आतला धातू विद्युत् रासायनिक क्रियेने अधिक वेगाने झिजतो. गाडीच्या दाराच्या खालच्या कडेस, बादलीच्या बुडाशी व तारबंद तोंडाच्या आत आधी गंज दिसतो तो यामुळे. ज्या घडीने वस्तू बळकट झाली, तीच घडी निष्काळजीपणे केल्यास वस्तूचा नाश करते. त्यासाठी फटीत लेपद्रव्य भरणे, दुमडीचे तोंड खालच्या बाजूस ठेवणे, पाणी वाहून जाण्यास भोके ठेवणे हे उपाय करतात. काही बादल्या पूर्ण तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवितात, म्हणजे सांध्यांच्या फटीही भरून निघतात.

जस्तलेपित पत्र्याच्या घट्ट वळणावर लेपाला बारीक चिरा पडतात. उघड्या पडलेल्या अरुंद भागाचे शेजारचे जस्त स्वतः झिजून रक्षण करते, मात्र उघडा भाग रुंद असल्यास हे रक्षण पुरे पडत नाही. म्हणून अशा पत्र्यावर वळणाच्या रेघा पोलादी आखणीने ओरखडण्याऐवजी पेन्सिलीने काढतात आणि दुमड पोलादी हातोड्याऐवजी लाकडी हातोड्याने बसवितात. पत्रे उचलताना जाड हातमोजे घालणे आवश्यक असते. फिरत्या रुळांच्या यंत्रावर मात्र हातमोजा रुळांत ओढला जाण्याचा धोका असल्याने तेथे संरक्षक आडोशावर भर देतात.

भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पत्राकामाचा स्वतंत्र व्यवसाय-अभ्यासक्रम शिकविला जातो. संगणक-नियंत्रित यंत्रे वळणाचा कोन, उसळी व वजावट यांचा हिशेब स्वतः करू लागली असली, तरी दुमड कोणत्या बाजूस वळवावी, तिचे तोंड कोठे ठेवावे व कोपरा कसा कापावा हे वस्तूच्या वापरावरूनच ठरते.